गंज चढवण्याआधी माणसं मोजा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तुम्ही आठ मित्र. प्रत्येकी पाचशे रुपये काढून रविवारी दुपारी बसस्टँडसमोर चूल मांडली आणि बेघर लोकांसाठी आठ किलो तांदळाची खिचडी शिजवली. अर्ध्याहून जास्त उरली. जे जेवले त्यांत ऑटोवाले, शाळेतली पोरं आणि बाजाराला आलेली माणसंच जास्त. उघड्यावर झोपणारे जे चार-पाच जण तुम्हाला तोंडओळखीने माहीत होते, ते फिरकलेही नाहीत. आता तुम्ही विचारता, पन्नास माणसांना तांदूळ किती घ्यावा?

तांदळाचं सांगतोच, कारण मी मुळात लग्नाचा आचारी. वर्धा जिल्ह्यात तीस वर्षं गंज (मोठी पातेली) आणि कढया हलवल्या आणि गेली बारा वर्षं आठवड्यातून दोनदा उघड्यावरच्या माणसांसाठी शिजवतो. पण तुमचा घोळ तांदळाचा नाही. ते पन्नास तुम्ही कुठून आणले? कोणी मोजले? आणि जे खरोखर होते ते का आले नाहीत? याचा उलगडा झाला की तांदूळ आपोआप ठरतो.

आधी मोजणी. तीन रात्री दुचाकीवर फिरा, साडेदहा-अकराच्या सुमारास आणि पुन्हा पहाटे पाचला. बसस्टँडचे बाक, बाजाराचे ओटे, बाजार समितीचं शेड, देवळाचा सभामंडप, दर्ग्याची पडवी, ग्रामीण रुग्णालयाचा व्हरांडा, जिनिंगच्या भिंतीचा आडोसा आणि रेल्वे असेल तर फाटकाजवळचा भाग. हेडलाइट तोंडावर मारू नका, उठवू नका, नुसतं मोजा. मी सुरू केलं तेव्हा चारचौघांना विचारून अंदाज बांधला होता, चाळीस-पंचेचाळीस असतील. रात्री फिरलो तर एकोणीस निघाले. तुमच्याकडेही पन्नास निघतील असं मला वाटत नाही. बाजारपेठ मोठी असेल, जंक्शन असेल, तर गोष्ट वेगळी.

आकडा लहान निघाला म्हणून काम लहान ठरत नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात साधारण १७.७ लाख बेघर माणसं मोजली गेली, त्यातली ८.३ लाख ग्रामीण भागातली होती. म्हणजे जवळजवळ निम्मी. पण शहरात लाख वस्तीमागे शंभर जणांचा एक निवारा असावा असा दंडक तरी आहे. तीस हजार वस्तीच्या गावाचं त्या हिशोबात नावच येत नाही. आपल्याकडचा बेघर माणूस दहा ठिकाणी एकेकटा विखुरलेला असतो आणि दिवसा तो बेघर दिसतही नाही. बसची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्यासारखा दिसतो.

मोजताना आणखी एक गोष्ट लक्षात येईल. उघड्यावर झोपलेले सगळे एका जातकुळीचे नसतात. सोयाबीन सोंगायला, पुढे हरभऱ्याला मेळघाटातून कोरकू मजुरांच्या टोळ्या उतरतात. बायका-पोरांसह आठ-आठ दिवस स्टँडवर किंवा शेडात पडून असतात. ते बेघर नाहीत, परगावी आहेत. त्यांच्याजवळ पीठ-मीठ असतं, तीन दगडांची चूल त्या मांडतात. त्यांना तुमची खिचडी नको असते. जळण आणि पाणी हवं असतं, आणि कोणी हुसकून लावू नये एवढी सोय. आम्ही पहिल्या वर्षी त्यांच्यापुढे खिचडीचा गंज नेऊन ठेवला. त्यांतली एक बाई माझ्या माणसाला म्हणाली, "आमाले कायले देता भाऊ, आमी तं कमवाले आलो." तेव्हापासून आम्ही त्यांना काड्यांच्या दोन मोळ्या आणि पाण्याची कॅन देतो. बाकीचे म्हणजे घरातून निघालेले किंवा काढलेले म्हातारे, नवऱ्याने टाकलेल्या बाया, डोक्याने फिरलेले, दारूने संपलेले आणि देवस्थानाच्या वाटेवर कोणीतरी सोडून दिलेले. तुमचं काम यांच्याशी आहे.

आता ते रविवारी का आले नाहीत ते सांगतो.

शहरातल्या फुटपाथवरचा माणूस रांगेत उभा राहतो, कारण रांगेत त्याला ओळखणारं कोणी नसतं. आपल्या गावात उलट आहे. स्टँडवर पडलेला म्हातारा वीस किलोमीटरवरच्या खेड्यातला असतो. त्याच्या गावची माणसं दर बाजाराला त्याच स्टँडवर उतरतात. दुपारी बारा वाजता भर रस्त्यावर तो फुकटच्या पंगतीत बसला, तर संध्याकाळी त्याच्या सुनेच्या माहेरापर्यंत बातमी जाते. उपास परवडला, पण ते नको. तुम्ही तर वर चूलही तिथेच मांडली. दोन तास धूर, फोडणीचा वास, आठ तरणी पोरं, मोबाइलवर गाणी. मग बाजारभर गर्दी जमणारच, आणि ज्याला लाज वाटते तो तितकाच लांब जाणार.

आमच्याकडे एक बाबा होते. पांढरं धोतर मळलेलं, पण नेसलेलं व्यवस्थित. आम्ही वाढायला लागलो की ते उठून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहत. पंगत उठली, भांडी गोळा व्हायला लागली की हळूच येत आणि म्हणत, "भात नाई लागत मले. खरवड असंन तं द्या, खरवड आवडते." पहिले दोन आठवडे मी खरंच बुडाची खरवड सराट्याने खरडून दिली. तिसऱ्या आठवड्यात माझ्या बायकोने सांगितलं, "खरवड कोणाले आवडते हो? तळाशी दोन डाव खिचडी राहू देत जा." पुढची चार वर्षं आमच्या गंजाच्या तळाशी 'खरवड' म्हणून चांगली दोन माणसांची खिचडी उरत होती. ते कधी काही बोलले नाहीत, आम्हीही नाही. ते कुठल्या गावचे, हे मला आजही माहीत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, शिजवायची जागा आणि वाढायची जागा वेगळी ठेवा. कोणाच्या तरी आवारात शिजवा आणि झाकून न्या. वाढायची जागा स्टँडच्या दर्शनी बाजूला नको. मागची बाजू, देवळाची पडवी, शाळेच्या भिंतीलगतची सावली चालेल. ज्याची जागा असेल त्याला आधी विचारा. स्टँडचं आवार असेल तर आगार व्यवस्थापकाला, स्टेशन असेल तर स्टेशन मास्तरला.

दुसरी गोष्ट, 'बेघरांसाठी' हा शब्द बॅनरवर काय, तोंडातही नको. ज्याला भूक आहे त्याने बसावं. ऑटोवाला बसला तर बसू द्या. दोन आठवड्यांत त्याची हौस फिटते, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला आडोसा मिळतो. तुमचे आठ जणही त्याच पंगतीत, त्याच ताटात, तेच जेवा. पहिल्या वर्षी आमची पोरं वाढून झाल्यावर घरी जेवायला जात. ज्या दिवसापासून पंगतीत बसायला लागली, त्या दिवसापासून माणसं वाढली. आणखी एक फायदा म्हणजे मीठ कमी-जास्त झालेलं तुम्हाला कळतं.

तिसरी, फोटो नाही. एकही नाही, पाठमोराही नाही. गावच्या ग्रुपवर टाकलेला फोटो तासाभरात जेवणाऱ्याच्याच पोराच्या हातात पडतो. आमच्यातल्या एकाने हौसेने टाकलेल्या फोटोत एक बाई होती. दोनच दिवसांनी तिचा भाऊ शोधत आला. तो चांगल्या मनाने आला की भांडायला, ते ठाऊक नाही. पण त्याच्या आधीच ती रात्रीच्या गाडीने निघून गेली होती. पुन्हा दिसली नाही. देणगीदार फोटो मागतात हे खरं आहे. त्यांना भरलेल्या गंजाचा फोटो पाठवा.

चौथी गोष्ट सांगायला जरा अवघड आहे, पण तुम्ही गावचेच आहात. नाव विचारलं तरी आडनाव विचारू नका. आपल्याकडे आडनाव म्हणजे जात, आणि जात कळली की शेजारी बसणारा सरकतो. बाबा, आजी, भाऊ, माय एवढ्यावर काम भागतं. "कोनं रांधलं?" असं कधीतरी कोणी विचारेल. मी सांगतो, "मी रांधलं, अन् मी बी हेच खातो." बसायचं तर बसा. अशा प्रश्नावर पंगतीत वाद घालत बसलो तर बाकीच्यांचं जेवण थंड होतं.

आता वार आणि वेळ. हे तुम्ही विचारलं नाही, पण निम्मं काम इथेच आहे. आपल्या भागात अन्नाची तशी टंचाई नाही, अन्न एकाच दिवशी येऊन पडतं. माघात गजानन महाराजांच्या प्रकटदिनी प्रत्येक गावात दोन-तीन ठिकाणी महाप्रसाद असतो. गणपती, नवरात्र, पितृपक्ष, हनुमान जयंती, भागवत सप्ताह चालू असताना उघड्यावरचा माणूस उपाशी नसतो. गुरुवारी मठात, शनिवारी मारुतीला काहीतरी मिळतं. बाजाराच्या दिवशी हॉटेलवाले देतात. रविवारी तर सगळेच पुण्य करायला मोकळे असतात. आम्ही महिनाभर प्रत्येकाला सहज विचारलं, "काल काय खाल्लं?" तेव्हा कळलं की आमच्या गावात मंगळवार-बुधवार कोरडे जातात. तेच वार धरले. तुमच्या गावात कोणते, ते विचारूनच कळेल.

वर्षातला सगळ्यात वाईट काळ म्हणजे झड, न थांबणारा पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये तीन-तीन दिवस झड लागते. हॉटेलं बंद, बाजार नाही, रस्त्यावर माणूस नाही. त्या दिवसांत सणाचा मुहूर्त नसतो आणि स्वयंसेवकही छत्री घेऊन बाहेर पडायला कुरकुरतात. वर्षात चारच वेळा शिजवायची ऐपत असेल, तर चारही वेळा झडीत शिजवा. तेव्हा पंगत होत नाही. डबे घेऊन जिथे माणूस आडोशाला बसला असेल तिथे जावं लागतं.

वेळेचं म्हणाल तर आम्ही संध्याकाळी साडेसहा-सात धरतो. अंधार पडत असतो, शेवटच्या गाड्यांची गर्दी ओसरते, लाज थोडी कमी होते आणि पोटात अन्न घेऊन माणूस झोपतो. उन्हाळ्यात दुपारी ४५ अंशांत गरम खिचडी कोणी खात नाही. तेव्हा दुपारी मठ्ठा आणि पाणी, जेवण रात्रीच. पण जी वेळ ठरेल ती पाळा. एक मंगळवार चुकलात तर ज्याला फोन करून सांगता येत नाही असा माणूस तिथे दोन तास बसून राहतो, आणि पुढच्या वेळी येत नाही. पन्नास जणांना महिन्यातून एकदा देण्यापेक्षा पंधरा जणांना दर आठवड्याला द्या.

आता तांदूळ. हिशोबाला सरकारी माप सोपं आहे. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण ठरवलं होतं, म्हणजे ४१० ग्रॅम. आमचा अनुभव असा की दिवसातून एकदाच जेवणारा माणूस पाचशे ग्रॅमच्या आसपास खातो. खिचडीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम डाळ धरा. एवढ्याची सैलसर खिचडी अर्धा किलोच्या घरात जाते. म्हणजे वीस माणसांना दोन किलो तांदूळ, आठशे ग्रॅम डाळ, दीड-दोन किलो आलू-वांगे-टमाटे आणि तीनशे मिली तेल. तुमचे आठ किलो म्हणजे ऐंशी माणसांचं जेवण होतं. उरणारच. माझा नियम असा आहे की मोजलेल्या आकड्यावर पाच माणसं जास्त धरायची, आणि त्याहून वाढले तर मुरमुरे-फुटाणे जवळ ठेवायचे. अन्न थोडं कमी पडणं परवडतं. उरलेलं अन्न पाहून नवीन पोरांचा हुरूप जातो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

डाळ तूर किंवा मूग. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीकडून कोणी लाखोळीची (लाखेची) डाळ पोतं भरून देऊ केली तर हात जोडा. कधीमधी खाल्ली तर काही होत नाही. पण महिनोन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून पोटात गेली तर पाय लुळे पडतात, आणि आपला माणूस नेमका असा असतो की ज्याला आठवडाभर दुसरी डाळ दिसत नाही. तुरीत लाखोळीची भेसळही होते. लाखोळीचा दाणा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा तिरका, चपटा असतो. निवडताना डोळे उघडे ठेवा.

तिखटाचा हात आवरा. आपल्याकडचा आचारी तिखट-तर्रीशिवाय स्वयंपाकाला स्वयंपाक म्हणत नाही, मीही त्यातलाच. पण इथे निम्म्यांचे दात गेलेले असतात आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं तोंड खर्ऱ्याने (सुपारी-तंबाखूने) सोललेलं असतं. काहींचं तर दोन बोटं जातील एवढंच उघडतं. लग्नातल्या मसालेभातासारखा मोकळा, तिखट भात त्यांच्या कामाचा नाही. मऊ, सैल, हळद-जिऱ्याची खिचडी, वरून थोडा सांबार (कोथिंबीर) बारीक चिरून. ज्याला तिखट हवं त्याच्यासाठी ठेचा किंवा जवसाची चटणी वेगळी ठेवा. पोळ्या थंड झाल्या की वातड होतात. द्यायच्याच असतील तर वरणात कुस्करून खाता येतील अशा जाड, तेल लावलेल्या द्या. रोडगे आपल्या सगळ्यांना आवडतात, पोरं दर वेळी सुचवतात, पण गोवरीवरचा रोडगा चावायला दात लागतात. वरणात पूर्ण मोडून, भिजवून दिला तर चालतो.

पोळीवरून आठवलं. एक आजी दर वेळी अर्धी पोळी पदराच्या टोकाला बांधायची. पोरं म्हणायची, आजी खा ना, आणखी देतो. ती हसायची आणि बांधायची. सकाळसाठी होतं ते. तेव्हापासून उठताना प्रत्येकाच्या हातात काहीतरी कोरडं देतो. फुटाणे, मुरमुरे, गुळाचा खडा, बिस्किटाचा पुडा. खिचडी मात्र बांधून देत नाही, आणि त्याचं कारण जरा सविस्तर सांगायला हवं.

आमची एक मोठी चूक झाली होती. मे महिना होता. रात्री साडेअकराला एका लग्नाच्या ठिकाणाहून फोन आला. दोन गंज मसालेभात उरलाय, घेऊन जा. आम्ही खुशीत आणला, झाकून ठेवला, सकाळी पाणी शिंपडून चांगला वाफवला आणि दहा वाजता वाढला. वास नाही, चव बिघडलेली नाही. दुपारपर्यंत सहा जणांना उलट्या सुरू झाल्या. एका म्हाताऱ्याला ग्रामीण रुग्णालयात सलाइन लावावं लागलं. तो वाचला. चूक देणाऱ्यांची नव्हती, त्यांनी ताजाच दिला होता. रात्रभर गरम गंजात झाकून ठेवणारे आम्ही. डॉक्टरांनी समजावलं ते असं की भातात एक जंतू असतो, त्याचं बीज उकळूनही मरत नाही. शिजलेला भात कोमट राहिला की ते उगवतं आणि विष सोडतं. ते विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. तीस वर्षं आचारीपणा करून मला वाटत होतं की एक उकळी आली की सगळं शुद्ध.

त्यानंतरचा आमचा दंडक असा. गंज उतरवल्यापासून दोन तासांत शेवटचं ताट वाढून झालं पाहिजे. तोवर अन्न हात लावता येणार नाही इतकं गरम, म्हणजे ६० अंशांच्या वर. गंजाला दोन पोती गुंडाळा, खाली भूस किंवा कडबा घाला, झाकण सारखं उघडू नका. सैल खिचडी अशी दीड-दोन तास सहज वाफाळती राहते. दोन तासांनंतर उरलेलं ढोरांना, माणसांना नाही. लग्नाचं उरलेलं घ्यायचं तर शिजवून किती वेळ झाला ते विचारा. रात्री अकराला आलेलं अन्न त्याच वेळी खाणारं कोणी नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. बुंदी-चिवडा-शेव असं कोरडं मात्र आनंदाने घ्या. दही, मठ्ठा, बासुंदी, पनीर उन्हाळ्यात घ्यायचंच नाही. मठ्ठा स्वतः घुसळून लगेच वाटा.

भांड्यांचं थोडं. कोणाच्या घरचा पितळी गंज आणाल तर कल्हई पाहा. कल्हई गेलेल्या पितळेत टमाटा, चिंच, कढी कळकते, आणि कळकलेलं अन्न पोटाला बाधतं. आंबट घालायचं असेल तर स्टील बरं. जर्मनच्या (अॅल्युमिनियमच्या) गंजात खिचडी चालते, पण त्यातही आंबट ठेवू नका. जळण पऱ्हाटीचं (कापसाच्या वाळल्या झाडांचं) असेल तर ती भडकन पेटते, उकळी पटकन येते आणि तितक्याच पटकन बूड करपतं. पऱ्हाटी किंवा तुराट्यांवर उकळी आणा, मग बाभळीच्या निखाऱ्यावर शिजू द्या. वारा असेल तर चुलीला तीन बाजूंनी पत्रा लावा. गंज उचलायला दोन जाणती माणसं, अंगात सुती कपडे, ओढणी-उपरणं बांधलेलं, वाट मोकळी. भाजलं तर ते पहिल्याच महिन्यात, गडबडीत भाजतं.

ताटं स्टीलची घ्या, तीस पुरतात. पळसाच्या पत्रावळीवर सैल खिचडी गळते, आणि गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्याला खाली ठेवलेल्या पत्रावळीवर वाकता येत नाही. थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. काही जण स्वतःचा डबा, वाडगा पुढे करतात. तो मळका असला तरी हिसकावून दुसरं ताट देऊ नका. "आजी, गरम पाण्याने इसळून देऊ का?" असं विचारा. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातले. फुटक्या गाडग्यात जेवायचे आणि ज्या गावात जायचे तिथे आधी झाडू हातात घ्यायचे. आपणही निघण्याआधी जागा झाडायची, खरकटं उचलायचं. नाहीतर दुसऱ्या दिवशी जागेवाला येऊन भांडतो, आणि हुसकावला जातो तो तिथे झोपणारा माणूस.

जेवायच्या आधी हात धुवायला पाणी आणि साबण द्या. हे बहुतेक जण विसरतात. वीस लिटरच्या दोन कॅन, एक पिण्याची, एक हातांची.

काही माणसांच्या बाबतीत नुसतं वाढून भागत नाही. झडीत चार-पाच दिवस पोटात काहीच नसलेला माणूस सापडला तर त्याच्यापुढे भरलेलं ताट ठेवू नका. पोट रिकामं राहिल्यावर एकदम भरपेट जेवण अंगावर उलटतं, कधी जिवावरही बेततं. पातळ पेज, मीठ-साखरेचं पाणी, घोट-घोट, तासा-तासाने. पाणीही पोटात ठरत नसेल किंवा गुंगी असेल तर १०८ ला फोन करा. मनाचा तोल गेलेली व्यक्ती असेल तर जवळ गर्दी करू नका. ताट थोड्या अंतरावर ठेवून मागे या. पहिल्यांदा ताट भिरकावतील, तिसऱ्या वेळी खातील. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे अशा भटकणाऱ्या व्यक्तीला संरक्षणात घेऊन उपचारापर्यंत पोचवणं हे पोलीस ठाण्याचं कर्तव्य आहे, आणि नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पण ओळख झाल्यावर, कोणी जाणता सोबत घेऊन हे करा. एकटं लेकरू दिसलं तर १०९८, सोडून दिलेले वृद्ध असतील तर १४५६७.

पोलिसांवरून एक सांगतो. गावातली पोरं हौसेने उद्घाटनाला ठाणेदारांना बोलावतात. साहेब चांगले असतीलही. पण १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे आणि उघड्यावरच्या प्रत्येकाला कधी ना कधी काठीने उठवलेलं असतं. खाकी दिसली की पंगत रिकामी. ठाण्यात आधी जाऊन तोंडी कल्पना देऊन या, बोलावू नका. अन्नाची नोंदणी मात्र करून घ्या. सामाजिक, धार्मिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यांनाही अन्न सुरक्षा कायद्याखाली लागते, वर्षाची फी शंभर रुपये आहे. गावात कोणी विचारत नाही हे खरं, पण काही झालं तर पहिला कागद तोच मागतात.

दारू पिऊन येणाऱ्याचं काय, असं तुम्ही उद्या विचारालच. आम्ही वाढतो. पंगतीत शिवीगाळ केली तर ताट हातात देऊन बाजूला बसवतो. यावर आमच्यातच दोन मतं आहेत, आणि एक जण याच कारणावरून सोडून गेला. तुमचं तुम्ही ठरवा, पण पहिल्या वाढण्याच्या आधी ठरवा, ताट हातात असताना नाही.

तेव्हा येत्या रविवारी चूल पेटवू नका. तीन रात्री फिरा. कोण कुठे झोपतं ते लिहा, नावं नको, जागा आणि आकडा एवढंच. जमलं तर दोघा-तिघांना चहा पाजून "काल काय खाल्लं" विचारा. आणि मला आकडा कळवा. पंधराच्या आत निघाला तर गंज, सरपण, गाडी कशाचीच गरज नाही. आठ घरांत दोन-दोन डबे जास्तीचे करा आणि ठरलेल्या वारी संध्याकाळी सातला नेऊन द्या. पंधराच्या वर असेल तर माझ्याकडे पंचवीस माणसांचा एक स्टीलचा गंज पडून आहे. यवतमाळकडे जाणाऱ्या गाडीवर टाकून देईन, झाकणासकट. सराटा तुमचा तुम्ही घ्या, माझा मी कोणाला देत नाही.